एकोणीस आणि आत्या

या घरात भांडायचं झालं तरी हात रिकामे ठेवून भांडायचं नाही, हा आजोबांनी घालून दिलेला कायदा. रिकाम्या हाताचं माणूस नको ते बोलून बसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून लॉन्ड्रीच्या सगळ्या बैठका रविवारी सकाळी, यंत्रं थंड असताना, घडीच्या टेबलाभोवती उभ्या-उभ्या व्हायच्या आणि बोलता बोलता शनिवारच्या उरलेल्या चादरींच्या घड्या पडायच्या. डबल बेडच्या चादरीची घडी एकट्याला धड जमत नाही, समोरची टोकं धरायला दुसरं माणूस लागतं. त्यामुळे कोण कुणाच्या बाजूचं हे तोंडानं सांगायची वेळच यायची नाही. पटलं की टोक धरायचं, नाही पटलं की सोडायचं. आजोबा गेले, मागोमाग वडीलही गेले, रीत मात्र चिकटून राहिली.

थोरल्यानं सरकारी पत्र टेबलावर ठेवलं. चार दिवस ते त्याच्या शर्टाच्या खिशात होतं आणि चारही दिवस त्यानं ते कुणाला दाखवलं नव्हतं. म्हणजे बायकोनं ते दुसऱ्याच दिवशी वाचलं होतं.

"वाच," तो लेकीला म्हणाला.

लेकीला घरात सगळे ठिणगी म्हणायचे, आणि ते लाडानं नव्हे, अनुभवानं. ती एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी करायची, त्यामुळे सरकारी कागद वाचणं तिच्याकडे लागलं होतं.

"वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर येत्या पहिल्या तारखेपासून मालकानं प्रत्येकाचा आरोग्य विमा काढायचा," तिनं तीन पानं एका वाक्यात गुंडाळली. "दवाखाना, ऑपरेशन, औषधं, सगळं त्यात. विसाच्या आत असाल तर तुमची मर्जी."

"आणि आपली माणसं एकोणीस," थोरला म्हणाला. "हजेरीबुक काढून बघा. एकोणीस."

"मग विषय संपला की!" धाकट्यानं जांभई दिली. "कशाला आमच्या झोपेचं खोबरं केलंस, दादा?"

"नवीमुळे."

नवी म्हणजे दोन महिन्यांपूर्वी रोलरवाल्याचा हात मोडला तेव्हा बदलीवर आलेली बाई. रोलरची मोठी इस्त्री म्हणजे भाजायचं काम. भलेभले पहिल्या आठवड्यात बोटं पोळून घेतात. हिनं दोन महिन्यांत एकदाही फुंकर मारली नव्हती. रोलरवाला सोमवारी कामावर येणार होता. तिला ठेवायची की निरोप द्यायचा, हे ती उद्या सकाळी सातला विचारणार होती. तिनं शनिवारी जाताना एप्रन धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावला होता. परत येणार असल्यासारखा की नसल्यासारखा, ते काही कळत नव्हतं.

"तिला ठेवायचं म्हणजे वीस," थोरला म्हणाला. "एका बाईपायी वीस जणांचा विमा. नाकापेक्षा मोती जड."

"पण मी त्या ऐंशी खोल्यांच्या हॉटेलला हो म्हणून बसलोय," धाकटा म्हणाला, आणि त्याची झोप एकदम उडाली. "पहिल्या तारखेपासून त्यांच्या चादरी येणार. एकोणीस माणसांत कशा निघायच्या?"

"मला न विचारता हो म्हणालास?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

हे खरंच होतं. थोरल्यानं ढिगातून चादर उपसली आणि झटकली. समोर कुणीतरी धरेल म्हणून टोकं पुढं केली. वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, धरली. टेबलाच्या दुसऱ्या अंगाला आत्या उशांचे अभ्रे लावत होती. ती बैठकीला असायची, पण बैठकीत नसायची. अभ्रा उलटा, कोपरे बाहेर, तीन थापट्या, ढीग. डावा खुबा ती टेबलाच्या कडेला टेकवून उभी राहायची. तिथलं लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं.

"माझ्याकडे तोड आहे," धाकटा म्हणाला. गाडी चालवून, हॉटेलांच्या मागच्या दारांशी गप्पा मारून त्याची जीभ गुळगुळीत झाली होती आणि त्याच्याकडे कायम काहीतरी तोड असायची. "दोन कंपन्या करायच्या. धुलाई दादाच्या नावावर, गाडी, घडी आणि पोहोचवणं माझ्या नावावर. तुझ्याकडे बारा माणसं, माझ्याकडे आठ-नऊ. कुणाचेच वीस नाहीत. नवीला मी घेतो. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही."

थोरल्याच्या हातातली चादर थांबली. त्याला हे पटायला लागलं होतं, आणि धाकट्याच्या डोक्यातून निघालेलं काही पटणं त्याला आवडत नसे. पण विसाचा आकडा कुणाच्याच बुकात येणार नव्हता. त्यानं बायकोच्या हातातून टोकं सोडवून घेतली आणि भावाकडे केली. धाकट्यानं झटक्यात पकडली.

वहिनी बघत राहिली. लॉन्ड्रीत हजेरी, पगार आणि साबणाचा साठा तिच्याकडे असायचा. सासऱ्यांनी जाण्याआधी तिला तिसरी भागीदार केलं होतं, कारण मुलांपेक्षा सुनेचं अक्षर चांगलं, असं ते उघड म्हणायचे. तिला दीरही माहीत होता आणि नवराही. धाकट्याला वीस वर्षं स्वतःच्या नावाची पाटी हवी होती. आता सरकारनंच त्याला पाटी आणून दिली होती.

"मागच्या गल्लीतल्या पुठ्ठ्याच्या खोकेवाल्यांचं काय झालं, विसरलात वाटतं," ती म्हणाली.

"त्यांचं काय?"

"त्यांनीही असंच केलं. पत्र यायच्या आधीच, नुसत्या कुणकुणीवर. एका दारावर दोन पाट्या. मोठ्या भावाचे कामगार डाव्या बाजूला, धाकट्याचे उजव्या. आधी कागदावर रेघ ओढली, मग जमिनीवर पट्टा ओढला. आता गोंदाचा डबा या बाजूचा त्या बाजूला गेला तर आरडाओरडा होतो. परवा दोघांच्या बायका माझ्याकडे येऊन वेगवेगळ्या रडून गेल्या."

"आम्ही खोकेवाले नाही, वहिनी," धाकटा हसत म्हणाला.

"नाही ना? मग बॉयलर कुणाचा?"

"धुलाईचा. दादाचा."

"आणि रोलरला वाफ लागते ती?"

"ती... ती दादा देईल मला."

"काय भावानं?" वहिनीनं विचारलं.

धाकटा चादरीची टोकं चाचपू लागला. थोरल्यानं भावाकडे पाहिलं. वाफेचा भाव काय लावायचा याचा विचार त्याच्या डोक्यात खरंच सुरू झाला होता, आणि ते लक्षात येताच त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं टोकं सोडली. चादर धाकट्याच्या पायाशी पडली.

"ती परत धुवावी लागेल," आत्या म्हणाली. बैठकीतलं तिचं पहिलं वाक्य.

"राहू दे दोन कंपन्या," थोरला म्हणाला. "हॉटेलला नाही कळव. नवीला मी सांगतो. एकोणीस आहोत ते बरे आहोत."

ठिणगी इतका वेळ पत्राच्या तिसऱ्या पानावर पेन्सिलीनं खुणा करत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आपण एकोणीस नाही आहोत."

"हजेरीबुकात..."

"हजेरीबुकाचं नाही विचारलेलं. इथं लिहिलंय, मालक आणि भागीदार सोडून, जागेवर नियमित काम करणारं प्रत्येक माणूस मोजायचं. नातेवाईक असलं तरी. पगार रोख असो, नाहीतर राहणं-जेवण असो. तुम्ही, काका, आई भागीदार. तुम्ही सुटलात. आत्याआजी भागीदार नाही."

सगळे आत्याकडे वळले. आत्यानं अभ्र्याला तीन थापट्या मारल्या.

मोजदादीत ही चूक झाली ती काही लबाडीनं नाही. घरचं माणूस मोजायचं नसतं, असं वडील म्हणायचे. जेवायला किती पानं, विचारलं की ते पाहुण्यांचा आकडा सांगायचे. लॉन्ड्रीत कामाला किती, विचारलं की बाहेरच्यांचा. भागीदारीचा कागद झाला तेव्हा आत्याचं नाव घालायचं का, असं कुणीतरी विचारलं होतं. ती तर घरचीच, तिला कागद कशाला, म्हणून वडिलांनी हात झटकले होते. आणि कामगार म्हणून तरी बहिणीला कोण लिहितं? अशा रीतीनं एक्केचाळीस वर्षं आत्या रोज सकाळी सातला खाली येत होती आणि कुठल्याच कागदावर नव्हती.

"म्हणजे वीस झालेच," धाकटा म्हणाला. "आत्तासुद्धा. घ्या! दुष्काळात तेरावा महिना."

थोरला टेबलाला टेकला. त्याला आकडे दिसत होते, पण त्याच्या आकड्यांना चेहरे असायचे, हीच त्याची पंचाईत होती. आणि मग त्याला सुचलं. इतकं सोपं होतं की आधी का सुचलं नाही याचं त्याला नवल वाटलं.

"आत्या, तू आता दमलीसच की," तो म्हणाला. आवाजात खरी माया होती, हे सांगायला हवं. "किती वर्षं उभी आहेस! पहिल्या तारखेपासून तू खाली येऊ नकोस. वर आराम कर. खिडकीत बस. चौसष्ट वय झालं, या वयात कोण अभ्रे उलटे करत बसतं?"

"हो, खरंच की!" धाकटा म्हणाला. त्यानं पायातली चादर उचलून भावाकडे टोकं केली. "सुंठीवाचून खोकला गेला. एकोणीस ते एकोणीस."

वहिनीनंही पुढं होऊन त्याच चादरीची कड धरली. तिनं हे का केलं, ते तिला नंतर बरेच दिवस सांगता आलं नाही. बहुधा एवढंच, की भांडण मिटत होतं आणि भांडण मिटत असलं की ती काहीही मान्य करायची. चौघांपैकी तिघं एका बाजूला झाले. ठिणगी पेन्सिल तोंडात धरून आत्याकडे बघत राहिली.

आत्यानं ढिगातून डबल बेडची चादर काढली. समोर कुणी नव्हतं. तिनं एक कड हनुवटीखाली दाबली, हात लांब केले, दुमडली, पुन्हा दुमडली. एकट्यानं घडी घालायची ही पद्धत या लॉन्ड्रीत फक्त तिलाच येत होती. कारण सुरुवातीला, आजोबांनी जुनं ड्रमचं यंत्र आणलं तेव्हा, समोर धरायला कुणी नव्हतंच. आजोबा बॉयलरला, भाऊ सायकलवरून गाठोडी पोहोचवायला. ती तेवीस वर्षांची होती. तिला वाटलं होतं, चार-सहा महिने मदत करावी, मग बघू. मग बघूला एक्केचाळीस वर्षं लागली.

खिडकीत बस म्हणे. वरची खिडकी तिला ठाऊक होती. समोर गोदामाची भिंत, भिंतीवर पाइप. सकाळी सात ते संध्याकाळी सहा त्या पाइपाकडे बघायचं. आणि खाली यायचं म्हटलं तर छत्तीस पायऱ्या. उतरताना डावा पाय टाकला की खुब्यात सुरी फिरल्यासारखं व्हायचं, ते तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवून समजावलं होतं. सांधा पार झिजलाय, बदलायला हवा. बदलला नाही तर वर्षभरात काठी, मग खुर्ची. तिनं एक्स-रे अभ्र्यांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर ठेवून दिला होता.

"आत्याआजी, सांग ना आता," ठिणगी म्हणाली.

"गप्प."

"काय सांग?" थोरल्यानं विचारलं.

"काही नाही. कपड्याला डाग असला की मी सांगते, नसला की नाही सांगत."

"तिच्या खुब्याचं ऑपरेशन करायचंय!" ठिणगी फुटलीच. "मीच घेऊन गेले होते डॉक्टरकडे. माझ्याकडून शपथ घेतली, हंगाम संपेपर्यंत बोलायचं नाही म्हणून. आणि तुम्ही तिला खिडकीत बसवताय. ती हजेरीबुकात असती तर पहिल्या तारखेनंतर तिचं ऑपरेशन विम्यात झालं असतं. हक्कानं. कुणाच्या तोंडाकडे न बघता. आणि तुम्ही काय केलंत? विमा यायच्या आदल्या दिवशी तिला काढून टाकलंत."

"काढून टाकलं काय म्हणतेस?" थोरला ओरडला. "तोंड सांभाळ! आत्याला कोण काढणार? मी आहे ना! ऑपरेशन मी करीन. उद्या करीन. विमा कशाला पाहिजे तिला, तिचे दोन भाचे जिवंत असताना?"

"तू करशील रे," आत्या म्हणाली. "तू करशील याची मला खात्री आहे. तुझ्या बापानंही मला दात बसवून दिले होते. चांगले दिले, अजून टिकलेत. पण पाहुणा आला की सांगायचा, हिच्या तोंडात आहेत ना, ते माझे दात. वीस वर्षं सांगत होता. हसायचे सगळे, मीही हसायचे. त्याच्याच दातांनी."

धाकट्याला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं.

"आता खुबा तुझा बसवायचा," आत्या पुढं म्हणाली, "म्हणजे मी घरात चालले तरी तुझ्या खुब्यानं चालणार. तू बोलून दाखवणार नाहीस. तू बापासारखा नाहीस. पण मला तर माहीत असेल ना?"

वहिनीच्या हातातली चादर सैल पडली. ठिणगीच्या वेळी तिला आठ महिने अंथरुणातून उठायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. त्या आठ महिन्यांत तिचं सगळं काम आत्यानं केलं होतं. हजेरी आणि पगार आत्यानं तिच्यासारख्याच अक्षरात लिहिले होते, सासऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून. दर महिन्याला सगळ्यांची नावं तिनं स्वतःच्या हातानं लिहिली आणि स्वतःचं लिहायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. आणि पुढची पंचवीस वर्षं माझ्या तरी कुठं आलं, वहिनीला वाटलं. तिला एकदम रडूच आलं. तिनं नवऱ्याच्या बाजूची टोकं सोडली, टेबलाला वळसा घालून आत्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि चादर धरली.

"आत्याबाई, माझं चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं तर चुकलं. कोपरे जुळव."

आता दोघं भाऊ एका बाजूला, तिघी बायका दुसऱ्या. धाकटा हिशेबात पक्का नव्हता, पण स्वतःच्या फायद्याच्या हिशेबात त्याला कधी अडचण येत नसे. तो मनात काहीतरी मोजत होता.

"दादा, एक मिनिट," तो म्हणाला. "नवीला घ्यायचं नाही, आत्याही नाही. म्हणजे रोलरवाला आला तरी आत्तापेक्षा एक माणूस कमीच. मग घडीला कोण? अभ्र्यांना कोण? फाटकी चादर वेगळी कोण काढणार? मागच्या वर्षी आत्या आठवडाभर तापानं आजारी होती, तेव्हा आपण त्या नदीकाठच्या हॉटेलला भोक पडलेल्या अकरा चादरी पाठवल्या होत्या. मॅनेजरनं भोकातून तोंड काढून मला दाखवलं होतं."

"हॉटेलला नाही म्हणायचं ठरलंय ना?"

"ते तू ठरवलंस. आणि नाही म्हटलं तरी जुनं काम कसं निघणार? एकोणीस राहायचं म्हणून एकोणीस जणांनी वीस माणसांचं काम करायचं का?"

"तू आत्ताच म्हणालास, सुंठीवाचून खोकला गेला!"

"म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुला माझा स्वभाव माहिती आहे." धाकट्यानं टोकं सोडली आणि गुपचूप पलीकडे सरकला. त्याच्या सरकण्यात माया किती आणि ऐंशी खोल्या किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण सरकला.

थोरला एकटा उरला. हातात चादरीचं एक टोक, बाकीची जमिनीवर लोळत होती.

"तुम्हाला सगळ्यांना वाटतं, मी कवडीचुंबक आहे," तो म्हणाला. "विम्याचे पैसे भरता येतील. ओढाताण होईल, पण येतील. मला विम्याची भीती नाही. मला विसाची भीती आहे. चौदा वर्षांपूर्वी आपण पंचवीस होतो, आठवतंय? स्टेशनजवळचं हॉटेल बंद पडलं. सहा माणसांना मी इथं, या टेबलाशी बोलावलं होतं. एकेकाला. बॉयलरवाल्याच्या सख्ख्या भावाला बोलावलं. त्यानं एप्रन काढला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. घडी घालून! आज वीस-एकवीस करायचे, सगळ्यांना विमा द्यायचा, त्यांच्या पोराबाळांनी त्या विम्यावर भरवसा ठेवायचा, आणि उद्या हे ऐंशी खोल्यांचं हॉटेल बसलं की पुन्हा मीच उभा राहायचं. तेव्हापासून एकोणिसाच्या वर गेलो नाही, ते कायद्यासाठी नाही. 'उद्यापासून येऊ नका' हे वाक्य पुन्हा कुणाला म्हणायचं बळ माझ्यात नाही."

 इतकी वर्षं त्यानं हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आत्यानं हातातली घडी टेबलावर ठेवली. कडा सारख्या केल्या.

"मला म्हणालास की," ती म्हणाली. "आत्ताच."

रागानं नाही म्हणाली. डाग दाखवावा तसं दाखवलं.  मी तर आराम कर म्हटलं, खिडकी म्हटलं, मायेनं म्हटलं, हे सगळं थोरल्याच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तो खाली बघत होता. अकराव्या वर्षी साबणाच्या खोक्यावर उभा करून तिनंच त्याला घडी शिकवली होती. आधी कोपरे, मग पोट, मग कडा. चुकलं तर मोडायचं आणि पुन्हा घालायचं, चुकलेल्या घडीवर इस्त्री फिरवायची नाही.

"हजेरीबुक आण," तो बायकोला म्हणाला.

वहिनीनं ते भिंतीतल्या कपाटातून आणलं. थोरल्यानं चष्मा चढवला, एकोणिसाव्या नावाखाली बोट ठेवलं आणि पेन मागितलं. ठिणगीनं पेन्सिल पुढं केली. त्यानं मान हलवली, मग तिनं पर्समधून पेन काढलं.

"वीस," तो म्हणाला आणि आकडा लिहायला लागला.

"थांब," आत्या म्हणाली. "वीस कसा?"

"एकोणीसनंतर वीसच येणार ना, आत्या."

"एक नंबरवर कोण आहे?"

"बॉयलरवाला."

"तो आला त्या दिवशी त्याला एप्रन मी दिला. बटणं उलटी लावली होती त्यानं, तीही मीच काढून लावली. मी विसावी नाही रे. मी पहिली."

"पहिल्या ओळीत आता जागा कुठंय?" थोरला म्हणाला. "खाडाखोड केली तर सरकारी माणूस शंभर प्रश्न विचारेल."

"मग नवं बुक काढ."

"एका नावासाठी सगळं बुक नवं?"

"एका नावासाठी नाही," आत्या म्हणाली. "एकवीस नावांसाठी. नवीचंही लिहायचंय ना?"

थोरल्यानं मान डोलावली. वहिनी कपाटाशी गेली आणि कोरं बुक घेऊन आली. ते तिनं पुढच्या वर्षासाठी आणून ठेवलं होतं. थोरल्यानं पहिलं पान उघडलं, तळहातानं दाबून सपाट केलं. 'एक' हा आकडा घातला. पुढं तिचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षरं मोठी आणि पोरासारखी आली, रकान्याच्या बाहेर गेली. हे नाव त्यानं आयुष्यात कधी लिहिलंच नव्हतं. कामाचं स्वरूप: घडी आणि तपासणी. कामावर आल्याची तारीख विचारली तेव्हा ती न थांबता बोलली, वारासकट. पुढच्या रकान्यात होतं, मालकाशी नातं. त्याचं पेन तिथं थांबलं.

"ते कोरं सोड," आत्या म्हणाली.

त्यानं सोडलं. मग एकेक करून बाकीची नावं उतरवली. बॉयलरवाला दोन नंबरला गेला, उद्या तो यावरून आठवडाभर कटकट करणार हे सगळ्यांना माहीत होतं. रोलरवाला, ड्रमवाले दोघं, शिलाईवाली. शेवटी एकवीस घातले आणि नवीचं नाव लिहिलं. धाकट्यानं हॉटेलच्या मॅनेजरला फोन लावायला खिशात हात घातला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं तसा त्यानं हात बाहेर काढला आणि चादर उचलली.

थोरल्यानं पेनाचं टोपण लावलं. "झालं," तो म्हणाला. "आता काही राहिलं?"

"राहिलंय," आत्या म्हणाली. तिनं खुबा टेबलापासून सोडवला आणि एप्रनला हात पुसत त्याच्यासमोर सरळ उभी राहिली. खोक्यावरच्या पोराशी बोलायचा आवाज तिनं बाजूला ठेवला होता. सोमवारी सकाळी बॉयलरवाला दारात उभा राहून बोलतो, तसा आवाज काढला.

"मालक," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात मला दीड महिना रजा पाहिजे. ऑपरेशन आहे."

धाकटा हसला, ठिणगीही हसली. थोरला हसला नाही. एक्केचाळीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली रजा होती. त्याला ती कुठल्या रकान्यात लिहायची, तेच कळेना. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"घ्या," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला अहो-जाहो केलं. मग जमिनीवर लोळणारी चादर उचलली, तिच्या हातात दोन टोकं दिली, दोन स्वतः धरली, आणि तिनं शिकवली होती तशी घडी घालू लागला.